पाच पॉइंट सहा

“जीवराम, हे क्रिएटिनिन सहाच्या वर कसं गेलं?”

डॉ. भिरूड यांनी फोनच्या तोंडावर हात ठेवला होता. पलीकडे जळगावातलेच एक डॉक्टर होते. त्यांनी सख्ख्या मेव्हण्याचं रक्त तपासायला पाठवलं होतं. मेव्हणा धडधाकट, सकाळीच विहिरीत पोहून आलेला. आणि लॅबचा रिपोर्ट सांगत होता, की त्याच्या किडन्या निकामी होत आल्या आहेत.

जीवरामने रिपोर्ट हातात घेतला. छोटासा तक्ता. युरिया बत्तीस, क्रिएटिनिन सहा पॉइंट एक, युरिक ॲसिडपुढचा चौकोन रिकामा. तो घेऊन तो आतल्या खोलीत प्रमिलाबाईंकडे गेला. रक्त तपासण्याचं काम त्या करत.

“क्रिएटिनिन कुठे केलंय मी?” प्रमिलाबाई नळी उजेडात धरून म्हणाल्या. “ते तपासायचं औषधच संपलंय कालपासून. सहा पॉइंट एक हे युरिक ॲसिड आहे. ते वर कसं चढलं?”

ते वर कसं चढलं, हे जीवरामला तिथेच उभ्या उभ्या कळलं.

लॅबमध्ये त्याला वीस वर्षं होत आली होती. रक्त काढायचं, बाटल्यांवर नावं लिहायची आणि दुपारपासून टाइपरायटरवर रिपोर्ट करायचे. तक्ता टाइप करणं म्हणजे मानेचा काटा ढिला होणं. आडव्या रेघा, उभ्या रेघा, मधे आकडे. एखादा आकडा सरकला की कागद काढा, नवा घाला. लॅबमध्ये कॉम्प्युटर आला तेव्हा डॉक्टरांनीच त्याला संध्याकाळच्या क्लासला घातलं. पंचेचाळिशीत कॉलेजच्या पोरांशेजारी बसून तो प्रोग्राम लिहायला शिकला. पण प्रोग्राममधून निघणारा कागद ओबडधोबड दिसे. डॉक्टरांना मुंबईच्या लॅबसारखा सुबक चौकटींचा रिपोर्ट हवा होता.

मग जीवरामने वर्डमध्ये हाताने एक रिकामा तक्ता केला, तो साध्या मजकुराच्या रूपात उघडून पाहिला आणि त्यातल्या खुणा ओळखत गेला. इथे ओळ सुरू होते, इथे चौकोन संपतो. त्या खुणा त्याने आपल्या प्रोग्रामकडूनच लिहून घ्यायला सुरुवात केली. कित्येक दिवस पडद्यावर नुसता कचरा उमटत होता. एका दुपारी फाइल उघडली आणि समोर तक्ता उभा राहिला. पट्टीने आखल्यासारखा, आकड्यांसकट. बोट न लावता. त्या दिवशी घरी जाताना त्याने बायकोसाठी, कुंदाबाईसाठी, पावशेर जिलबी नेली होती आणि ती कशाची हे तिला नीट सांगता आलं नव्हतं.

सुरुवातीला एक अडचण होती. सांगितलेली तपासणी काही कारणाने झाली नाही, की तिच्यापुढे शून्य छापलं जाई. डॉक्टर वैतागले. “साखर शून्य? अरे, मेलेल्या माणसाची तरी एवढी कमी असते का? ते शून्य काढ आधी.” जीवरामने प्रोग्राममध्ये एक ओळ घातली : आकडा नसेल तर सोडून दे, पुढचा घे. शून्य गेलं. पण सांगितलेल्या तपासण्यांची नावं तक्त्यात जागच्या जागी राहत होती आणि आकडे मात्र एकामागून एक वरून खाली भरले जात होते. मधला एक सोडला, की खालचा त्याच्या जागी चढत होता.

दुरुस्ती करायला त्याला पाच मिनिटंही लागली नाहीत. नाही तिथे जागा मोकळी सोड, एवढंच सांगायचं होतं. मग तो खुर्चीतच बसून राहिला. क्रिएटिनिनचं औषध याआधीही एकदा संपलं होतं. चैत्रात, दोन दिवस.

त्याने त्या दोन दिवसांच्या फाइली एकेक करून उघडल्या. बहुतेकांना क्रिएटिनिनची तपासणी सांगितलेलीच नव्हती. शेवटी एक सापडली. बेबाबाई सुकदेव सरोदे, राहणार असोदा. क्रिएटिनिन पाच पॉइंट सहा. खाली डॉक्टरांची सही. सही करताना डॉक्टर आता वाचत नसत. कॉम्प्युटरचा रिपोर्ट चुकत नाही, असं तेच सगळ्यांना सांगत.

“महिना होऊन गेला,” डॉ. भिरूड म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता. “दुसरीकडे तपासलंही असेल तिने. तू असं कर, निरोप पाठव. म्हणावं, पुन्हा एकदा रक्त बघायचंय, पैसे नकोत. चूक-बिक काही बोलू नकोस. एवढ्या वर्षांचं नाव आहे लॅबचं, जीवराम.”

“मीच जातो, साहेब.”

“जा. पण बोलू नकोस.”

असोदा काही लांब नाही. वैशाखाचं ऊन मात्र बसमध्येही भाजत होतं. स्टँडवर उतरून त्याने सरोद्यांचं घर विचारलं, तर पानवाला म्हणाला, “लग्नाच्या घरी का? जा सरळ. मांडव दिसंल.”

मांडवाला केळीचे खांब नुकतेच बांधून झाले होते. बायका पापडाच्या पाट्या आत नेत होत्या. सुकदेव सरोदे पुढे आले. उंच, रापलेले, गळ्यात उपरणं. त्यांना वाटलं, पाहुणे आले. जीवरामने लॅबचं नाव सांगितलं तसे ते गंभीर झाले आणि त्याला आतल्या खोलीत घेऊन गेले.

बेबाबाई खाटेवर बसून होत्या. पन्नाशीच्या आतल्याच, पण भिंतीला टेकून, पाय लांब करून, खूप म्हाताऱ्या बाईसारख्या. पाऊल जरा सुजलेलं होतं.

“बसा ना, भाऊ. उन्हाचे आले,” त्या म्हणाल्या. “चारू, पानी दे बये.”

पाणी घेऊन मुलगी आली. अंगाला हळदीचा वास, कपाळावर वाळलेली हळद. उद्याची नवरी हीच, हे सांगावं लागलं नाही.

“कसं वाटतं, अक्का?” जीवरामने विचारलं.

“कसं वाटनार? महिना झाला, बिनमिठाचं अयनी खाते. गावच्या डॉक्टरनं सांगतलं, किडन्या गेल्या, मुंबईले न्या. म्या म्हटलं, कुठी नाई येत. आधी पोरीचे हात पिवये करा, मंग मले कुठी बी टाका.” त्या हसल्या. “सावद्याचं स्थळ आलं, देवासारखं. पंधरा दिवसांत समदं जमलं. उद्या अक्षता पडल्या का मी मोकयी.”

जीवरामने पाण्याचा तांब्या खाली ठेवला. डॉक्टरांनी सांगितलेलं वाक्य त्याने मनात जुळवून आणलं होतं : अक्का, पुन्हा एकदा रक्त बघायचंय. ते वाक्य तोंडात आलं, आणि दारात उभ्या असलेल्या मुलीकडे त्याची नजर गेली.

“अक्का, तो रिपोर्ट चुकीचा होता,” तो म्हणाला.

बाहेर कुणीतरी सतरंजी झटकत होतं.

“तो आकडा दुसऱ्याच तपासणीचा. किडनीची तपासणी त्या दिवशी झालीच नव्हती. चूक आमची आहे. माझी आहे.”

“म्हंजे?” सुकदेव म्हणाले.

“म्हणजे किडन्या गेल्यात असं कुणी सांगू शकत नाही. चांगल्याही असतील. आता रक्त घेतो, संध्याकाळी खरं काय ते कळेल.”

सुकदेव त्याच्याकडे एकटक पाहत राहिले. जीवरामला वाटलं, आता हा माणूस आपली गचांडी धरणार. ती धरली असती तर बरं झालं असतं. पण सुकदेव मटकन खाटेच्या कडेला बसले आणि उपरण्यात तोंड लपवून रडायला लागले. बेबाबाई त्यांच्या पाठीवर हात फिरवत राहिल्या. मग दुसरा हात त्यांनी जीवरामपुढे लांब केला. “घ्या, भाऊ. काय घ्यायचं ते घ्या.”

रक्त घेऊन तो मांडवाबाहेर पडला, तशी मागून चारू आली. आडोशाला थांबली.

“काका, कसं झालं हे?”

तिला टाळावं असं त्याला वाटलं नाही. त्याने सांगितलं. प्रोग्राम, तक्ता, चौकोन, सोडून दिलेला आकडा. ती मन लावून ऐकत होती.

“म्हणजे मधली जागा रिकामी ठेवायची होती,” ती म्हणाली.

“हो.”

“ती ठेवली नाही, म्हणून खालचं वर आलं.”

“हो. तू काय शिकतेस?”

“बी.एस्सी. दुसरं वर्ष झालं. केमिस्ट्री.” मग म्हणाली, “ते लोक म्हणाले, पुढचं लग्नानंतर पाहू.” तिने मांडवाकडे एकदा पाहिलं. “काका, रिपोर्ट लवकर आणा. उद्या दुपारी बाराचा मुहूर्त आहे. आज आणा.”

“आजच आणतो,” जीवराम म्हणाला.

लॅबमध्ये डॉक्टरांनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि काय ते ओळखलं. “सांगितलंस?”

“हो, साहेब. उद्या मुलीचं लग्न आहे. आई मरणार म्हणून घाईने लावलेलं.”

डॉ. भिरूड तसेच आतल्या खोलीत गेले. औषधाची नवी बाटली दुपारी यायची होती, ती आली होती. त्यांनी प्रमिलाबाईंना बाजूला व्हायला सांगून स्वतः तपासणी केली, आणि पुन्हा एकदा केली. दोन्ही वेळा एकच आकडा आला. शून्य पॉइंट नऊ. किडन्या ठणठणीत होत्या. हिमोग्लोबिनही पाहिलं, तेवढं कमी होतं; पायाची सूज आणि थकवा त्यामुळेच, आणि ते गोळ्यांनी भरून येण्यासारखं होतं.

“हाताने लिहू का?” जीवरामने विचारलं.

“नको. कॉम्प्युटरवरच कर,” डॉक्टर म्हणाले. “मी वाचून सही करतो.”

उन्हं उतरता उतरता तो पुन्हा असोद्याला पोचला. या वेळी मांडवात सगळे वाटच पाहत होते. त्याने रिपोर्ट सुकदेवांच्या हातात दिला आणि तोंडाने सांगितलं. एक क्षण कुणाला समजलंच नाही, आणि मग बायकांचा गलका उठला. बेबाबाईंच्या जावेने आतून गुळाचा खडा आणून त्यांच्या तोंडात कोंबला. सुकदेवांनी जीवरामपुढे दोन्ही हात जोडले.

“असं नका करू,” जीवराम म्हणाला. “मला शिव्या द्या.”

“काब्र, कशापायी देऊ, भाऊ? तुम्ही चुकले म्हनून माही बायको वाचली. मी तुम्हाले शिव्या कशा देऊ?”

तेवढ्यात चारू गर्दीतून पुढे आली. गलका चालूच होता, म्हणून ती काय बोलली ते जवळच्यांनाच ऐकू गेलं.

“आबा, मग आता पुढं ढकला ना. एकच वरीस. माहं तिसरं वरीस होऊ द्या.”

सुकदेवांचा चेहरा एकदम थकला. ते मुलीकडे पाहत राहिले. “अवं बये, मांडव पडला. हयद लागली. सकायी सावद्याहून वऱ्हाड निघंल. त्या लोकांनी आपलं काय वाईट केलं? त्याह्यले काय सांगू?”

“खरं सांगा. आईले काय झालं नाई म्हना.”

“आईले काय झालं नाई म्हनून लग्न मोडलं, असं सांगू?”

जीवराम पुढे झाला. “मी जातो सावद्याला. माझ्या तोंडाने सांगतो, चूक लॅबची होती म्हणून. समजूतदार असतील तर...”

“राहू द्या, भाऊ.” बेबाबाई बोलल्या. त्या खाटेवरून उठून भिंत धरत उंबऱ्यापर्यंत आल्या होत्या. त्यांनी लेकीचा चेहरा दोन्ही हातांत धरला. “पोरगा चांगला हाये. तुले दुख नाई व्हनार. आन आता मी हाये ना? मी मरत नाई आता. तू कवाबी ये.”

चारू आईकडे पाहत होती. आई जिवंत राहणार याचा आनंद तिच्या तोंडावर खराखुरा होता. तो तिला लपवता आला नाही आणि दुसरं काही बोलताही आलं नाही. तिने मान हलवली. मावशीने तिला मेंदीसाठी आत नेलं.

जीवराम निघाला, तर सुकदेवांनी त्याला दंडाला धरून पंगतीत बसवलं. केळीच्या पानावर बट्टी आली, तिच्यावर वरण, बाजूला वांग्याची घोटलेली भाजी. वाढायला खुद्द बेबाबाई. जावा ओरडत होत्या, “अवं, बस ना तू, पाय सुजलेत,” पण त्या ऐकत नव्हत्या. तुपाचं भांडं घेऊन त्या पंगतीतून हळूहळू फिरत होत्या, प्रत्येकापाशी थांबत होत्या, आणि कुणी ‘नको’ म्हटलं की मुद्दाम जास्त ओतत होत्या. बायका हसत होत्या. एक जण म्हणाली, “पाहा, नवरीची माय नवरीपेक्षा तरनी झाली.”

जीवरामपाशी येऊन त्या वाकल्या. “खा, भाऊ. लाजू नका.”

त्याने पानावरून हात बाजूला घेतला. तूप बट्टीत मुरत गेलं. त्याने मान वर केली, तेव्हा समोरच्या उघड्या दारातून आतली खोली दिसत होती. चारू भिंतीशी बसली होती. दोन्ही तळहातांवर ओली मेंदी होती आणि ते तिने पुढे, हवेत धरून ठेवले होते. तिला डोळे पुसता येत नव्हते. शेजारी बसलेली कुणी बाई गाणं म्हणता म्हणता, तिच्याकडे न पाहता, आपल्या पदराने ते पुसत होती.