विमानतळावरचं दही

सुधाकर साहेबांना न विचारता कुणी शहाणं झालेलं त्यांना खपत नसे. संग्रामपूरच्या तहसील कचेरीतून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी समोरच्याला नामंजूर करायची सवय काही सुटली नव्हती. त्यात मुलगा चिन्मय कॅनडात. चार वर्षांत तो एकदाही आला नव्हता. दर रविवारी फोनवर म्हणे, "बाबा, सुट्टीच मिळत नाही." दोन वर्षांचा नातू साहेबांनी फोनवरच पाहिलेला. गावात मात्र ते "यंदा येतोय" असंच सांगत. त्याच्यासाठी वरची खोली रंगवून ठेवली होती.

शेजारच्या भगवानरावांची काजल नर्स म्हणून जर्मनीला निघाली, तेव्हा साहेबांनी नाक मुरडलं. "म्हाताऱ्यांची अंथरुणं बदलायला विमान कशाला लागतं?" ते बायकोला म्हणाले.  शरयूबाई आदल्याच दिवशी काजलची ओटी भरून आल्या होत्या.

आठ दिवसांनी भगवानराव हॉटेलात चहा पीत, काजलला सोडायला गेल्याची दिल्लीची हकीकत सांगत होते. साहेब पेपर तोंडापुढे धरून ऐकत होते.

"सात जण गेलो जी आमी. दारावर बंदूकवाला. तिकीट असंन तोच आत. आमी आपले काचेबाह्यर."

"म्हणजे एवढ्या लांब जाऊन पाहिलंत काय? काच?" साहेब म्हणाले. सगळे हसले.

"हाव ना जी," भगवानरावही हसले. "काजलच्या मायनं घरून दही नेलं होतं. गाडीत आंबून गेलं. दारातच लेकीच्या हातावर ठेवलं. पोरीनं चाटलं अन् गेली."

"देशाच्या राजधानीतला विमानतळ, आणि तिथे आंबलेलं दही!" साहेबांनी पेपराची घडी घातली. गाढवाला गुळाची चव काय, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ वाचता येत होतं. स्वतः साहेब कधी शेगावच्या स्टेशनापलीकडे गेले नव्हते, ती गोष्ट वेगळी. "तुम्हा लोकांना एसटी स्टँड आणि विमानतळ सारखंच. आमचा चिन्मय येईल ना, तेव्हा त्याला विचारा..."

"हे पाहा, सांगाचंच राह्यलं!" भगवानरावांचा चेहरा उजळला. "त्याच दारात भेटला ना चिन्मय! बायको-लेकरू संग होतं. माह्या पाया पडला, सगळ्यायले पानी आनून देल्लं. पंधरा दिवस सासुरवाडीत होतो म्हने दिल्लीले, आता परत चाल्लो. आमी गावात नव्हतो तवाच तुमाले भेटून गेला असंन ना?"

 साहेबांनी पुन्हा पेपर उघडला. तो उलटा होता. भगवानरावांच्या ध्यानात आलं आणि त्यांनी जीभ चावली.

"नाही नाही, मीच चुकलो असंन," ते घाईघाईनं म्हणाले. "मोतीबिंदूचे डोळे माहे. दुसराच कोनी असंन जी."

आता कुणी हसेना. हसले असते तर साहेबांनी एकेकाला बघून घेतलं असतं. पण ते सगळे कपात बघत होते. संग्रामपुरात आजवर साहेबांची कीव करायची कुणाची छाती झाली नव्हती, आणि आज ती करत होता दारातून परत आलेला माणूस.

साहेबांनी पेपर खाली ठेवला.

"भगवानराव," ते हळू आवाजात म्हणाले, "नातू कोणावर गेलाय हो?"

भगवानरावांनी कप खाली ठेवला.

"नाक थेट तुमचं आहे जी."