खांद्याची नोकरी

माझी नोकरी खांद्याची आहे. लोक डोक्याने कमावतात, हाताने कमावतात, मी उजव्या खांद्याने कमावते. कंपनी रायफल बनवते, मी ती खांद्याला लावून चालवते आणि ठोसा कसा बसला ते सांगते. डिझाइन पुण्यात खराडीला होतं, एसीमध्ये. ठोसा लोणी काळभोरच्या पुढे पत्र्याच्या शेडमध्ये बसतो, मला.

रायफल सेमी-ऑटोमॅटिक. म्हणजे घोडा दर वेळी आपणच ओढायचा, पण पुढची गोळी तिची ती आत जाऊन बसते. गोळी सुटताना गॅस निघतो, तो आतला लोखंडी ठोकळा मागे ढकलतो आणि स्प्रिंग त्याला परत पुढे आणते. गॅस जास्त झाला की ठोकळा मागे जाऊन आपटतो. आणि त्याच्या मागे कोण असतं? मी. महिला पोलिसांसाठी मऊ धक्क्याची रायफल करायची, असं एकूण काम होतं.

मुलाखतीत मोठ्या साहेबांनी, म्हणजे अभय सरांनी, माझी कॉलेजातली नेमबाजीची पदकं पाहिली आणि विचारलं, "झेपेल ना तुम्हाला? नाही, कसं आहे, दुखतंय-खुपतंय सुरू झालं तर आम्हाला एखादा पुरुष बघावा लागेल."

वा रे वा! रायफल बायकांची म्हणून बाई पाहिजे, पण दुखतं म्हणणारी बाई नको. मी म्हणाले, "झेपेल." पोलिसांची ट्रायल पास झाली की तुम्हाला कायम करू, असं ते म्हणाले. घरात मी आणि आई. वडील गेल्यापासून 'कायम' हा शब्द आमच्या घरात कुणी वापरला नव्हता. तो ऐकूनच मला बरं वाटलं.

पहिल्या दिवशी राहिल आला. हा आमचा डिझायनर, कॅम्पातला, वाटेतली मुंगी उचलून बाजूला ठेवेल आणि मग पाऊल टाकेल असा. त्याने रायफलच्या दस्त्याला धक्का मोजणारा सेन्सर चिकटवला. मी गोळी मारली.

"कसं वाटलं, रुपालीताई?"

"ठीक आहे."

ठीक कसलं डोंबलाचं! त्या दिवशी भाकरी डाव्या हाताने मोडून खाल्ली. रविवारी आई डोक्याला तेल लावायला बसली आणि तिला खांदा दिसला. काळानिळा, वांग्यासारखा.

"अगं बया! रुपे, हे कुणी केलं?"

"कंपनीने."

"मग सांग की त्यास्नी, लागतंय म्हून."

"सांगितलं तर घरी बसवतील."

आई उठली. तिने जुनी गोधडी काढली, कोपऱ्याचा तुकडा कापला आणि माझ्या कुर्त्याच्या आत खांद्यापाशी टाके घालून बसवला. वर स्वेटर. डिसेंबर होता, स्वेटरला कोण विचारतंय.

सोमवारी राहिलने गॅसचा स्क्रू किंचित फिरवला, मी गोळी मारली आणि तो लॅपटॉपकडे बघून उभाच राहिला. धक्का एकदम कमी. त्याला वाटलं, स्क्रूची करामत. मलाही क्षणभर तसंच वाटलं. जेवणाच्या सुट्टीत मी गोधडी खांद्यावरून सरकवून एक गोळी मारून पाहिली. डोळ्यांसमोर काजवे चमकले. गोधडी परत जागेवर आली.

पुढे तसंच सुरू झालं. रविवारी आई एक थर वाढवायची, सोमवारी राहिलचं डिझाइन सुधारायचं. तो स्प्रिंग बदलायचा, वजन बदलायचा, रात्र रात्र जागून आकडे मांडायचा आणि आकडे गुणी बाळासारखे खाली यायचे. राहिलने आनंदाने सगळ्यांना मावा केक वाटला. मीही खाल्ला. चांगला होता.

त्याला कळलं कसं नाही, असं तुम्ही म्हणाल. राहिल सभ्य माणूस. बाईमाणसाच्या खांद्याकडे निरखून बघू नये, हे त्याच्या आईने त्याला शिकवलेलं. बाईमाणसाने कुरकुर करू नये, हे माझ्या आईने मला लहानपणापासून शिकवलेलं, आता ती 'सांग की' म्हणाली तरी. दोन आयांनी मिळून कंपनीची पार वाट लावली.

ट्रायलच्या दिवशी शेड झाडून घेतलं होतं, दारात रांगोळीसुद्धा. अभय सर कोट घालून आले होते. पोलिसांकडून इन्स्पेक्टर शर्मिला मॅडम आणि नव्या भरतीच्या पोरी. अभय सरांनी सगळ्यांना पडद्यावर आलेख दाखवला. "सॉफ्ट," ते म्हणाले. "उशीवर डोकं टेकवल्यासारखं."

पहिली पोरगी पुढे आली. श्रद्धा, यवतमाळकडची. रायफल तिच्यापेक्षा अंगापिंडाने बरी होती. तिने ती खांद्याला लावली आणि दात आवळून डोळे बारीक केले. या पोरीला तो ठोसा बसणार, ती "ठीक आहे" म्हणणार, आणि मग ही रायफल हजार पोरींच्या खांद्यावर जाणार. माझी नोकरी कायम होणार आणि त्यांचा खांदा कायमचा जाणार. कायम हवं होतं हो मला! फार हवं होतं.

"थांबा," मी म्हणाले.

सगळे थांबले. मी भिंतीकडे तोंड केलं, स्वेटर वर केला, टाके तोडले आणि गोधडी टेबलावर ठेवली. चांगली जाडजूड झाली होती.

"हे काय आहे?" अभय सरांनी विचारलं.

"गोधडी."

"ते दिसतंय."

"तुमची रायफल मऊ नाही, सर. आकडे खाली आलेत ते हिच्यामुळे. दर आठवड्याला आई थर वाढवत होती."

राहिलने गोधडी हातात घेतली, दाबून पाहिली आणि खुर्चीवर बसला. त्याचा चेहरा बघवेना. अभय सर लाल झाले. "रुपाली मॅडम, तुम्ही आधी बोलला का नाहीत? एवढं साधं..."

त्यांचं वाक्य अर्धंच राहिलं, कारण श्रद्धाने रायफल खाली ठेवली होती. तीही भिंतीकडे वळली आणि वर्दीच्या आतून घडी घातलेला टॉवेल काढून गोधडीशेजारी ठेवला. "ताई," ती हळूच म्हणाली, "मले वाटलं, मी एकटीच."

मग मागची पोरगी पुढे आली. तिच्याकडे ओढणी निघाली. तिच्या मागचीकडे मोजे, एकात एक घातलेले. टेबलावर ढीग लागला, आमच्याकडे जत्रेत कपड्यांचा लागतो तसा. मला हसू येत होतं आणि डोळेही भरून आले होते.

शर्मिला मॅडमनी ढिगाकडे पाहिलं. "आमच्या बॅचला सॅनिटरी पॅड असायचे," त्या म्हणाल्या. "छान बसतात."

अभय सर छताचे पत्रे बघू लागले.

"साहेब," मॅडम पुढे म्हणाल्या, "आपण स्वतः चालवली असेलच."

"नाही, म्हणजे, आमच्याकडे डेटा आहे..."

"मग आता चालवा. कोट तेवढा काढून ठेवा."

पोलीस म्हटल्यावर नाही कसं म्हणणार. त्यांनी कोट काढला. मी त्यांना उभं कसं राहायचं ते दाखवलं, दस्ता नीट खांद्याच्या खोबणीत बसवला. त्यात मी काही लबाडी केली नाही. त्यांनी घोडा ओढला. शेड दणाणलं.

राहिलने सवयीने विचारलं, "कसं वाटलं, सर?"

अभय सरांचे डोळे पाण्याने डबडबले होते. "ठीक आहे," ते म्हणाले.

"मग अजून एक मारा," मॅडम म्हणाल्या. "पुढची आपोआप बसलीय आत."

अभय सरांनी रायफलकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग ती अलगद टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "दुखतंय."

दुखतंय-खुपतंय सुरू झालं तर पुरुष बघावा लागेल, असं तेच म्हणाले होते. पुरुष बघून झाला होता.

ट्रायल पुढे ढकलली. जाताना शर्मिला मॅडम म्हणाल्या, "पुढच्या वेळी हीच बाई खरं सांगायला पाहिजे. नाहीतर मी सही करणार नाही." अभय सरांनी डाव्या हाताने नमस्कार केला, उजवा वर जात नव्हता.

पोरी आपापले टॉवेल-मोजे घेऊन गेल्या. राहिलने टेबलावरची गोधडी उचलली, घडी घालून मला दिली आणि पाना हातात घेऊन समोर येऊन उभा राहिला.

"रुपालीताई, नेमकं कुठे लागतं?"

मी खांद्यावर बोट ठेवून दाखवलं. तो लाजला, पण त्याने नजर वळवली नाही. नीट बघितलं.