वहिवाट

रोलंडने धुक्यात हात लांब केला, तर स्वतःची बोटंही धड दिसेनात. मागे त्याचे वडील, लँटी बर्केट, काठी टेकून उभे होते. मेंढ्या एकदा डोळे भरून बघतो म्हणून हट्टाने डोंगर चढून आले होते. उद्या जमीनमालकाचा माणूस येणार होता. खंडाने घेतलेलं हे शेत आता कोण करणार, एवढंच त्याला विचारायचं होतं. म्हाताऱ्याने कार्लाइल शहरात, रोलंडच्या घरी राहायचं ठरलं होतं.

"मेंढ्या नवा माणूस नेईल?" रोलंडने विचारलं.

"त्या इथून हलायच्या नाहीत. डोंगराला कुंपण नाही, पण आपली जागा सोडून जातात का? हेफ्ट झाल्यात."

"हा शब्द मी शाळेत मुलांना शिकवतो," रोलंड म्हणाला. "होड्यांतून नॉर्वेची माणसं इथे आली, त्यांचा. वापरता वापरता जागा आपली होणं. वहिवाटच म्हणा."

"असेल बाबा. मेंढीला नॉर्वे ठाऊक नाही. आई पुढे चालते, कोकरू मागे. इथे चरायचं, इथून वळायचं. झालं." लँटींनी काठीने पुढची जमीन चाचपली. "मास्तर, आता घरी कसं जायचं ते सांगा. धुकं नसलं तरी मला आता धड दिसत नाही."

आजवर त्यांनी हे कधी कबूल केलं नव्हतं. रोलंडने त्यांचा हात धरला आणि चालू लागला.

ओढा कुठेतरी डोक्यावरून वाहतोय असं वाटत होतं. आपण झोपेत आहोत आणि कोणीतरी आपल्याला नेतंय, असंही. वडिलांसाठी रंगवलेली कार्लाइलची खोली त्याच्या मनात होती. पाय आपोआप चालत होते. मोठा खडक आला, मग मऊ गवत, आणि एकदम फाटकाचं थंड लोखंड हाताला लागलं.

"खडकापाशी डावीकडे का वळलास?"

"वाट तीच ना?"

"माझी नाही. मी जन्मभर ओढ्याच्या कडेने उतरतोय." लँटींचा आवाज खाली आला. "एस्थर वळायची तिथून. मला चहा घेऊन यायची, तू तिच्या मागे मागे."

आईची इतकी आठवण रोलंडला तिला पुरलं त्या दिवशीही आली नव्हती. तो फाटक धरून उभा राहिला.

"उद्या त्या माणसाशी मी बोलतो," तो शेवटी म्हणाला.

लँटींनी त्याच्याकडे तोंड वळवलं.

"कातरायला मेंढी उताणी पाडता येते का तुला?"

"नाही."

"मग लवकर ऊठ."