मातेच्या बदलीचा हुकूम

"आजचा चहा म्हणजे नुसतं गरम पाणी," बळवंतराव कपात बघत पुटपुटले.

सुनेला, अलकाला, तेवढं ऐकू गेलं, कारण ती त्यांच्या खुर्चीला खेटूनच उभी होती. दुसरीकडे पाय ठेवायला जागा नव्हती. दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरातल्या त्या दोन खोल्यांच्या सरकारी क्वार्टरात अख्खा ब्लॉक लोटला होता. खाटेवर तिची आठ वर्षांची वृंदा अंगभर कांजिण्या घेऊन बसली होती आणि समोर पाटावर कपाळभर कुंकू लावलेल्या, कांजिण्यांच्या देवीची पाठवणी करणाऱ्या माताजी. सासऱ्यांच्या चहाची चौकशी करायची ही वेळ नव्हती. घरात चहापेक्षा पुष्कळ काही बिघडलेलं होतं.

रविवारी फरिदाबादला हेमलताचं, तिच्या धाकट्या नणंदेचं, डोहाळजेवण होतं. हेमलताला याआधी दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा पदरी निराशाच आली. हे तिसरं टिकलं होतं. ओटी वहिनीनंच भरायची, असा तिचा हट्ट. अलकानं हिरवं लुगडं आणून ठेवलं, आणि ऐन तयारीत वृंदाच्या पाठीवर पाण्याचे फोड उठले.

डिस्पेन्सरीच्या भिंतीवर 'चेचक की खबर दो' ही अक्षरं अजून पुसट दिसायची. देवीचा रोग देशातून गेला होता, कांजिण्यांना मात्र कुणी निरोप दिला नव्हता. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी अलकाला बजावून सांगितलं: शेवटच्या फोडाची खपली वाळेपर्यंत मुलीला कुठं न्यायचं नाही. ज्या गरोदर बाईला कांजिण्या झालेल्या नाहीत, तिच्या वाऱ्यालाही उभं करायचं नाही. आईच्या जिवावर बेततं, बाळाच्याही.

अलका म्हणाली, हेमाला फोन करून सांगून टाकू. सासूबाईंना, प्रमोदिनीबाईंना, ते पटेना. तिकडची मंडळी म्हणतील, माहेरच्यांनी निमित्त काढलं. पोरीला जन्मभर ऐकावं लागेल. मग तुम्ही मायलेक जा, मी वृंदापाशी राहते, हा अलकाचा तोडगाही बारगळला. वहिनी कुठाय असं विचारलं तर सांगायचं काय? अलकाच्या नवऱ्यानं, श्रीरंगनं, आईला सरळ विचारलं, हेमाला लहानपणी झाल्या होत्या ना? प्रमोदिनीबाई तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "झाल्याच असतील. कुणाला होत नाहीत?" त्या उत्तरात किती खडे होते ते कुणी निवडलं नाही.

आणि मग बी.एस्सी. झालेला, मंत्रालयात सेक्शन ऑफिसर असलेला श्रीरंग स्कूटरवर मागे बसवून माताजींना घेऊन आला. "आईच्या समाधानासाठी," तो अलकाला म्हणाला.

माताजींनी आल्या आल्या दाराला लावलेला कडुनिंबाचा डहाळा काढायला लावला आणि तोच मांडीवर घेतला.

"सरकारी कॉलनी है, बहनजी. यहाँ मैया भी कायदे से चलती है. आती है तो ड्यूटी पर, जाती है तो आर्डर लेकर. यह नीम मीठा हो गया, तो समझो मैया की बदली हो गई."

"कहाँ हुई जी बदली?" शेजारच्या पंजाबी बाईंनी विचारलं. गेलं वर्षभर त्या नवऱ्याच्या बदलीची वाट बघत होत्या.

"ऊपर," माताजी म्हणाल्या.

"अच्छा, प्रमोशन पे."

माताजींनी डहाळा वृंदावरून उतरवला, पानं एकेक करून बोटांत चोळली आणि प्रत्येकाच्या तळहातावर ठेवली. प्रत्येकानं पान चावलं. कडुनिंब गोड! कुणी हात जोडले, कुणी गालात मारून घेतलं. अलकाच्याही जिभेवर ती गोडी पसरली आणि त्या क्षणी तिलाही हायसं वाटलं. आता जाता येणार होतं. ट्रंकेवरचं हिरवं लुगडं तिला तिथूनच दिसत होतं.

वृंदा मात्र तोंड वेडंवाकडं करत होती. "आई, हे तर आजोबांच्या चहासारखं लागतंय. पहले गोड, मग मागून कडू-कडू."

सगळे हसले. अलका हसली नाही. आजोबांच्या बशीतला चहा चोरून प्यायची वृंदाची सवय तिला ठाऊक होती. बळवंतरावांना मधुमेह होता. साखरेऐवजी त्यांच्या चहात सॅकरिनची इवलीशी गोळी पडायची. ती स्वयंपाकघरात गेली. फळीवर सॅकरिनची बाटली नव्हती.

ती तांब्याभर पाणी आणि साबण घेऊन परत आली. "माताजी, हाथ धो लीजिए. फिर इसी डाल का पत्ता दीजिए."

"मैया पर शक करती हो?"

"मैया पर नहीं. हाथ पर."

माताजींनी श्रीरंगकडे पाहिलं. श्रीरंग खिडकीतून आपल्या स्कूटरकडे पाहत होता. बळवंतराव कप खाली ठेवून म्हणाले, "धुवा की. साबण आमचाच आहे." एवढ्या माणसांत नाही म्हणता येईना. हात धुतले गेले. पुढचं पान बळवंतरावांनी तोंडात टाकलं आणि बशीत थुंकलं. कडू जहर!

गोळ्यांची भुकटी बोटांना लावायची, बस्स. सॅकरिन साखरेच्या शेकडोपट गोड. चिमूटभर अख्ख्या ब्लॉकला पुरतं.

माताजी उठल्या. पदराची गाठ सोडून त्यांनी बाटली स्टुलावर ठेवली. "शीशी तुम्हारे साहब की है. इन्होंने ही कहा था, इतवार से पहले विदा कर दो."

लोक चपला शोधत निघून गेले.

"अगं, आईचं मन राहावं, हेमाला बोल लागू नये म्हणून," श्रीरंग म्हणाला. "तिला झाल्यात लहानपणी. कुणाचं काय बिघडणार होतं?"

अलकाला आठवलं, पान चावताना तो तिच्याच तोंडाकडे बघत होता. गोड लागलं का, एवढंच बघत होता.

"मला सांगितलं असतंत, तर मी भांडले असते," ती म्हणाली. "भांडण्याइतकी तरी माझी किंमत ठेवायची."

तिनं डहाळा उचलला आणि पुन्हा दाराला खोचला. "हा लावणाऱ्या जुन्या बायकांना जंतू माहीत नव्हते. पण घरात आजार आहे, आत येऊ नका, हे दारावर सांगायची अक्कल होती. आपण शिकलो आणि तो काढून ओटी भरायला निघालो. नीम गोड लागो की कडू, खपल्या पडल्याशिवाय आजार हटत नाही. ज्याच्या घरी जायचं त्याला खरं सांगावं, आणि तो काय म्हणतो ते ऐकावं. यात कसला कमीपणा?"

प्रमोदिनीबाई जमिनीवरच बसल्या. त्यांच्या मुठीत अजून ते पान होतं, अर्धं चावलेलं, प्रसाद म्हणून जपलेलं.

"श्री, मी या पानावर विश्वास ठेवला रे," त्या म्हणाल्या. "माता खरंच गेली, आता भीती नाही, असं वाटलं. म्हणून तोंड उघडलं नाही." त्यांनी पान खाली ठेवलं. "तुला कांजिण्या आल्या तेव्हा मी हेमाला मावशीकडे नेऊन ठेवलं होतं. तिला त्या कधी झाल्याच नाहीत."