चुकलं तरी एक

मी कडेचा बुटका बांबू बोलतोय. वेल्ह्याजवळ, घरामागच्या पडीक माळावर सर्जेरावांनी मला रोवलं. आम्ही चौघं एका रांगेत. मधले दोघं उंच, कडेचे आम्ही दोघं बुटके.

वाटेनं जाणाऱ्या चंद्राबाईंनी विचारलं, "सर्जेराव, पोरीचा मांडव घातला व्हय? पर खांब एकाच वळीत कसं?"

"व्हय, तिचा मांडव ह्योच," ते म्हणाले, आणि हसले नाहीत.

त्यांची संजीवनी भोरच्या कॉलेजात ऑस्ट्रेलियन फुटबॉल शिकली होती. चेंडू लांबोळका, हातात धरून पळायचं आणि पायानं मारायचा. उंच खांबांमधून गेला तर सहा गुण. नेम चुकून उंच आणि बुटक्याच्या मधून गेला, तरी एक! माळावर पोरांचं क्रिकेटही मी बघतो, तिथं चुकला की बाद.

सर्जेराव मागं उभे राहून चेंडू आणून द्यायचे. माझ्या बाजूनं गेला की ओरडायचे, "चुकलं तरी एक हाय!" मला मान तेवढाच.

पोर जिल्ह्याकडून, राज्याकडून खेळली, मग देशाच्या संघात गेली. परदेशी निघाली तेव्हा सर्जेराव अंथरुणाला खिळलेले. तिचा पाय निघेना. "जा तू," ते म्हणाले. ती गेली, आणि मागं ते वारले.

माणसं बांबू तोडायला निघाली, तेव्हा तिच्या आईनं, ठकुबाईंनी अडवलं. "त्यांनीच रोवल्यात. त्येच न्या." मधले दोघं तिरडीला गेले. त्यांच्या उंचीचा मी जन्मभर हेवा केला. त्या दिवशी मला फार रडू आलं.

संजीवनी पोचली तेव्हा राखही निवली होती. "आई, म्या जायाला नगं हुतं. चुकलं माझं." तिनं चेंडू कणगीत टाकला. संघातून फोन यायचे, ती उचलत नसे.

एका सकाळी ठकुबाईंनीच चेंडू बाहेर काढला, पोरीच्या हातात दिला आणि नवरा उभा राहायचा तिथं जाऊन उभ्या राहिल्या.

"मार."

"कशात मारू? मधलं खांब न्हाईत."

"मार की, बाई."

तिनं मारला. चेंडू माझ्या अगदी जवळून, आतल्या बाजूनं गेला. ठकुबाईंना खेळातलं काही कळत नाही. पदर खोचून त्या चेंडूमागं धावल्या आणि तिथूनच ओरडल्या, "चुकलं तरी एक हाय!"

संजीवनी मटकन खाली बसली आणि बाप गेल्यापासून पहिल्यांदा हंबरडा फोडून रडली. संध्याकाळी तिनं फोन उचलला.

आता माझ्या बुडाला वाळवी लागली आहे. मला उपटून चुलीत घातलंत तरी चालेल. पण त्याआधी मधले दोन खांब पुन्हा रोवा. सोमवारच्या एसटीनं पोर सरावाला निघाली आहे. परत येईल तेव्हा तिला नेम धरायला काहीतरी हवं.