खोडलेले सतरा आकडे

"हे सतरा आकडे कुणी खोडले?" संशोधक बाईंनी वही माझ्यापुढे सरकवली.

झुडपांच्या माळावरच्या आमच्या ओढ्याची पातळी मी एकतीस वर्षं रोज सकाळी सातला पट्टीवर वाचत आलो. पाटबंधारे कचेरीला आता ही मोजणी बंद करायची होती. वह्या कामाच्या आहेत असं बाईंनी लिहून दिलं तरच ती टिकणार होती. आणि त्यांचं बोट नेमकं त्या पानावर.

शाई सांडली म्हणावं, असं क्षणभर मनात आलं. पण चुकलेला आकडा पुसायचा नाही, एका रेघेनं खोडायचा, हा आमचा नियम. खालचे आकडे स्वच्छ दिसत होते.

"मीच," मी म्हणालो. "माझा पाय मोडला होता तेव्हा बायकोनं वाचले. माझ्या आधीच्या आकड्यांपेक्षा सगळे दोन सेंटीमीटरनं कमी. वाटलं, तिनं चुकीची रेघ धरली. मग दोन-दोन मिळवले."

बाई रागावल्या नाहीत. ती किती वाजता जायची, एवढंच त्यांनी विचारलं. घरचं आवरून दुपारी तीनला, मी सांगितलं. तशा त्या ताठ बसल्या. दिवसा झुडपं मुळांनी पाणी ओढतात, म्हणून ओढा दुपारी उतरतो आणि रात्रीतून पुन्हा चढतो, असं त्या समजावू लागल्या. तेव्हा विरळ असलेली झुडपं आता दाट झालीत. ती तेव्हा किती पाणी पीत होती, हे सांगणारे एवढेच आकडे उरले होते.

"लिहून देते मी," त्या म्हणाल्या. "पण आता दुपारीही वाचा."

घरी गेल्यावर बायकोला सगळं सांगितलं. तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तिच्या हातातली कपड्याची घडी अर्धीच राहिली.

"म्हणजे मी सतरा दिवस उन्हातून तंगडतोड केली, आणि तुम्ही खुर्चीत बसून ओढ्याला पाणी आणलंत?"

 उद्या दुपारी पट्टी वाचायला येशील का, एवढंच मी विचारलं.

दुसऱ्या दिवशी तीनला ती गुडघे धरत माझ्यामागून उतार उतरली. पट्टीशी वाकून बराच वेळ पाहत राहिली.

"सकाळी किती होतं?"

"ते राहू दे. दिसतंय ते सांग."

"एकोणीस."

सकाळी चोवीस होतं. आपणही एकदा वाकून पाहावं, असं फार वाटलं. मी वही मांडीवर घेतली आणि एकोणीस लिहिलं.