दोन मुठींची करवत

दिनांक नऊ ऑक्टोबर, सकाळचे दहा वाजून वीस मिनिटे. हजेरीला एकशे सहा मुले. त्यांपैकी एकशे पाच रांगेत, एक रांगेबाहेर. बाहेर होती ती लोहाराची लेक. आदल्या दिवशी तिने गिरणीवाल्याच्या मुलीचे दप्तर फाडले होते.

"सगळ्यांसमोर माफी माग," हेडमास्तर गरजले, "नाहीतर दुपारच्या हजेरीत तुझं नाव राहणार नाही."

"नाही मागणार. वाईट वाटलंच नाही, तर खोटं कशाला बोलू?"

"सुंभ जळला तरी पीळ जात नाही हिचा!"

मी या शाळेत सुतारकाम शिकवतो. रात्रीच्या वादळाने पाडलेले झाड फाटकात आडवे होते. मी म्हणालो, "हेडमास्तर, करवतीला दोघं लागतात. मधल्या सुट्टीपर्यंत या दोघी मला द्या."

खोडाच्या दोन बाजूंना, घोटाभर चिखलात, दोघी तोंडे फुगवून बसल्या. दोघींनी दातओठ खात करवत एकमेकींवर ढकलली. पाते वाकले आणि खोडात रुतले.

"ढकलायची नाही, पोरींनो. आपल्या पाळीला ओढायचं, दुसरीच्या पाळीला हात सैल ठेवायचा. मूठ मात्र सोडायची नाही."

"ओढ की!"

"ओढतेय. तू सैल सोड ना गं, घोडे!"

हळूहळू ओला भुसा पडू लागला.

"नुसतं कोळशी म्हटलं, तर एवढा राग?" गिरणीवाल्याची मुलगी धापा टाकत म्हणाली. "मला सगळे पिठाचं पोतं म्हणतात. मी फाडलं का कुणाचं दप्तर?"

करवत थांबली.

"आई म्हणायची मला कोळशी. भात्यापाशी खेळायचे म्हणून. ती गेल्यापासून कुणी म्हटलं नव्हतं. तू म्हणालीस, ते पण हसून."

"मला काय माहीत गं..." तिने नाक पुसले. "नाही म्हणणार परत."

"दप्तर मी शिवून देते. टाके जाड येतील."

"येऊ देत. ओढ आता."

घंटा झाली. हेडमास्तर फाटकाशी आले. "काय, मागणार ना माफी?"

"आमचं मिटलंय, सर. सगळ्यांसमोर नाही मागणार," लोहाराची लेक म्हणाली.

"मग नाव काढतो."

"दप्तर माझं फाटलं होतं, सर," गिरणीवाल्याची मुलगी चिखलातून उठली. "मला नकोय तमाशा. तिचं काढणार असाल, तर माझंही काढा."

दोघींचेही हात अजून मुठींवरच होते. हेडमास्तरांनी आधी त्यांच्याकडे, मग अर्ध्या कापलेल्या खोडाकडे पाहिले.

"आधी फाटक मोकळं करा," ते म्हणाले आणि वळले.

दुपारची हजेरी: एकशे सहा.